केळीचं सोपट

शेवटच्या दिवशी आईने मला दोन वेळा हाक मारली आणि लोसालियाला नऊ वेळा. हे मोजत बसायची सवय मला फार जुनी आहे. अकरा वर्षांची असताना आजीच्या गावाहून या घरात आले, तेव्हापासूनची.

तो शुक्रवार होता. मी साडेतीनला लेआवाच्या सरकारी कचेरीतून परतले. अंगणात दोघी ओंडक्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि ओली साल ठोकत होत्या. दोन लाकडी मोगऱ्यांचा आवाज एकाआड एक येत होता, मधे जराही खंड नव्हता. लांबून ऐकलं असतं तर एकच बाई ठोकतेय असं वाटलं असतं. ऑगस्टच्या सणाला आमच्या घराने सालीचं कापड द्यायचं होतं, आठ हात लांब.

"सेनोवेफा, आलीस?" आई मान वर न करता म्हणाली. ही पहिली हाक. "नीरफणस झाकून ठेवलाय."

"भूक नाही."

"भूक कुठनं असणार," लोसालिया म्हणाली, "साहेबाने पाव दिला असेल, लोणी लावून."

आई हसली. मी हसले नाही. कचेरीत फ्रान्सहून आलेला साहेब बसतो, दोन-तीन वर्षांनी बदलतो. मी तिथे जन्म, मृत्यू आणि लग्नं लिहिते. घरात या कामाची चेष्टा व्हायची, आणि चेष्टा नेहमी लोसालियाच करायची, कारण तिलाच ती शोभायची.

कुंपणापलीकडून शेजारची सापेता ओरडली, "अगं अलोइसिया, आजपासून पाण्याची पाळी ना तुमची? पुरुष कोण जाणारे वर?"

"पुरुष गेला नूमेआला," आई म्हणाली. पेतेलो, माझा भाऊ, तिकडे निकेलच्या खाणीवर आहे. "अळू राहिलं. अळू जास्त इमानी."

"आमच्याकडे पाठव मग थोडं. माझा नवरा घरात असूनही मूळ धरत नाही."

दोघी खिदळल्या. सात आठवडे पाऊस नव्हता. ओढा इतका आटला होता की मधल्या दगडांवर कोरडं शेवाळ दिसायचं. गावच्या मुख्याने पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. आमची शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत.

खाचरं आमची चार, डोंगराच्या कुशीत एकाखाली एक, दगडी बांध घातलेली. वरची दोन लोसालियाकडे होती. खालची दोन आईने मला दिली होती, मी नूमेआत शिकून परत आले तेव्हा. वरच्या खाचराच्या तोंडातून पाणी शिरतं, ते भरलं की खालच्यात उतरतं. वरचं तोंड बंद केलं तर पाणी बाजूच्या पाटाने थेट खाली येतं. सणाला ज्याने त्याने आपल्या टोपल्या चर्चपुढे मांडायच्या आणि ज्या हातांनी अळू लावलं त्यांचं नाव एक माणूस उभा राहून मोठ्याने घेतो. गेल्या वर्षी माझ्या टोपलीपाशी तो थांबला होता, कंद हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला होता. "सेनोवेफा," तो म्हणाला होता, "कागदावर लावलंस का गं?" सगळं गाव हसलं. कचेरीतला साहेबही हसला, भाषा कळत नसताना. शेजारच्या टोपलीत लोसालियाचे कंद होते, तान्ह्या पोराच्या मांडीएवढे.

"या पाळीत पाण्याचं कसं?" मी विचारलं.

"आधी वर. मग खाली."

"दरवेळी आधी वरच."

"पाणी वरनंच येतं, पोरी," आई म्हणाली. "त्याला मी काय करू?"

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण आईने हातातली मोगरी खाली ठेवली, उजवा खांदा दाबला आणि ती मोगरी लोसालियापुढे सरकवली. "माझा खांदा गेला बाई. तुझी हलकी पडते, साल फाटते. ही तूच वापर आता. राहू दे तुझ्याकडे."

ती मोगरी आजीची होती. काळ्या पडलेल्या लाकडाची, एका अंगाला बारीक खाचा, मुठीपाशी आजीच्या बोटांनी झिजलेली.

थोरलं मूल आजीला द्यायचं ही आमच्याकडची रीत. मी सहा महिन्यांची असताना आईने मला तिच्या आईकडे दिलं, ओढ्यापलीकडे, आलोच्या राज्यात. आमच्या बेटावर राजे दोन आणि मधे हा ओढा. पायी अर्ध्या दिवसाची वाट, पण माणूस ओढा ओलांडून गेला की परका. चार वर्षांनी पेतेलो झाला, आणि त्याच महिन्यात आईची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. तिची मुलगी आईने पेतेलोबरोबर अंगावर पाजली. ती लोसालिया. मी अकरा वर्षांची असताना आजी थकली, तेव्हा मामा मला गाडीत घालून इकडे घेऊन आला. निघताना आजीने ती मोगरी माझ्या मांडीवर ठेवली. "आईला दे," म्हणाली, "आणि सांग, हातची हाती दिली." सबंध वाट मी ती धरून बसले होते. पोचले तेव्हा सात वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेत होती. आई उठली नाही. "जरा थांब हं," मला म्हणाली, "एवढी बट झाली की आले."

लोसालियाने मोगरी उचलली आणि हातात तोलून पाहिली. "बाप रे, केवढी जड. मी नाही म्हातारी झाले अजून."

"होशील," आई म्हणाली.

मी कपडे बदलले आणि मागच्या दाराने वर गेले. ऊन उतरलं होतं. पाणी नुकतंच आमच्या पाटाला लागलं होतं, मनगटाएवढी धार, वरच्या खाचरात शिरत होती. मी बांधाखालच्या केळीच्या खोडावरचं एक ओलं सोपट ओरबाडून काढलं, त्याची तीन पदरी घडी घातली, घडीत ओलं गवत कोंबलं आणि ते तोंडात ठासून वरून चिखल लिंपला. असंच आजी करायची. इकडे कोणी तसं करत नाही, इकडे चपटा दगड लावतात. पण मी विचार केलाच नव्हता. हातांना येत होतं ते हातांनी केलं. पाणी क्षणभर घुटमळलं आणि बाजूच्या पाटाने माझ्या खाचराकडे निघालं. मी त्याच्याबरोबर खाली उतरले. माझ्या अळूची पानं कडेने गुंडाळली होती. त्यांच्या देठांभोवती पाणी पसरताना मी उभी राहून पाहिलं. पहाटे वर येऊन तोंड मोकळं करायचं, एवढं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू दोनदा मागून घेतलं. लोसालिया जेवता जेवता कापडावरच्या रेघांबद्दल बोलत होती. आईची नजर अधू झाल्यापासून रेघा तीच ओढायची, माडाच्या हिराने, काजळीत बुडवून. आई ताट ठेवायला उठली आणि माझ्यापाशी थांबली.

"वर गेली होतीस?"

"नाही."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा झाला होता.

"सेनोवेफा," ती म्हणाली, "पाय धू."

ही दुसरी.

*

सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन चटईवर आलं होतं. आई घरात नव्हती. लोसालिया मागे कपडे धूत होती. मी घाईने निघायच्या बेतात होते. पण ती म्हणाली, "आई वर गेलीये, मी तिची न्याहारी घेऊन जाते. तू चूल बघ." मी चूल बघत बसले. आता तोंड आईच मोकळं करेल, आणि दोष कुणालाच लागणार नाही, असं मनाशी म्हणाले. नऊ वाजता डोंगरावरून लोसालियाची किंकाळी ऐकू आली.

आई वरच्या खाचरात कुशीवर पडली होती. अर्धा चेहरा पाण्यात, केस अळूच्या देठांत अडकलेले. पाणी वीतभरही नव्हतं. लोसालियाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या कानातला चिखल ती करंगळीने काढत होती. खाचराचं तोंड उघडं होतं, धार आत शिरत होती. सोपट कुठे दिसलं नाही. वाहून गेलं असेल, असं मला वाटलं.

इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, पडण्याआधीच. पोलिसांनी बांध मोजला, दोन ओळी लिहिल्या आणि ते टोप्या काढून उभे राहिले. सरकारच्या लेखी गोष्ट तिथे संपली.

गावाच्या लेखी संपली नाही. समोरच्या उतारावर म्हातारा लाफाएले सकाळपासून आपल्या खाचरात होता. त्याने पाहिलं होतं. "पाणी वरच्यात नव्हतंच जात," तो अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला. "बाजूने खाली चाललं होतं. आणि अलोइसिया तोंडापाशी वाकून काहीतरी उपसत होती. जोर लावत होती. मग दिसली नाही."

"म्हणजे तोंड बंद केलेलं होतं," माझे चुलते कुसितिनो म्हणाले. बापाचे थोरले भाऊ. तीन मुलगे त्यांना, आणि खाचरं दोन. "कोणी केलं?"

अंगणात पन्नासेक माणसं असतील. आईला नुकतीच आंघोळ घालून चटयांवर ठेवलं होतं. मी तिच्या पायांशी बसले होते.

"मी," लोसालिया म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी केलं काका. शुक्रवारी संध्याकाळी. दगड लावला, चिखल लिंपला. बांध पाझरत होता म्हणून."

"आणि काढायला म्हातारीला पाठवलंस? खांदा गेलेल्या बाईला?"

"हो."

"हो म्हणते वर तोंड करून!"

लोसालियाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. आईच्या पायाच्या नखात चिखल राहिला होता, तो काढत बसले.

*

दुसऱ्या दिवशी पुरायचं होतं. आईला त्याच कापडात गुंडाळायचं ठरलं, जे ती सणासाठी ठोकत होती. रेघा अर्ध्याच झाल्या होत्या. लोसालिया दुपारपासून ओणवी होऊन उरलेल्या ओढत होती. बायका भोवती बसून माळा गुंफत होत्या आणि तिच्या हाताकडे बघत होत्या.

"पोटच्या पोरीनेही एक रेघ ओढावी," सापेता म्हणाली. "शोभतं का ते तसं?"

लोसालियाने हीर माझ्यापुढे धरला. मी आयुष्यात पुस्तकं पुष्कळ वाचली, हजारो नावं सुबक अक्षरात लिहिली, पण माझा हात त्या सालीवर चालला नाही. काजळी टपकली आणि पसरली. एका कडेला नाण्याएवढा काळा डाग पडला. लोसालियाने हीर माझ्या हातातून घेतला, डागाला एक टोक काढलं, मधून शीर काढली, देठ काढला. डागाचं अळूचं पान झालं.

"बघा," सापेता म्हणाली, "काय हात आहे पोरीचा!"

माझा डागसुद्धा तिने माझा राहू दिला नाही. आईला त्या कापडात गुंडाळताना ते पान तिच्या छातीवर आलं, आणि मी रडले ते कशासाठी, हे तिथल्या कुणालाही कळलं नसतं.

संध्याकाळी पेतेलोचा फोन आला. मी फोन घेतला, तर तो नुसता हुंदके देत होता. मग म्हणाला, "ताई, लोसालियाला दे जरा."

सोमवारी मी कचेरीत गेले. साहेब म्हणाला घरी जा, पण मृत्यूची नोंद करणारी मीच होते, माझ्याशिवाय ते कोण करणार? भिंतीवर आमच्या बेटाचा नकाशा आहे, फ्रान्समध्ये छापलेला. किनारा, चर्चं, विमानतळ, दोन राज्यांची हद्द, सगळं आहे. खाचरं नाहीत. आमच्याकडे जमिनीचा कागद नसतोच. जमिनीचं जे काही असेल ते राजा आणि मुख्य बघतात, फ्रान्सचा कायदा तिला हात लावत नाही. माणसं मात्र कागदावर असतात. मी वही उघडली. नाव, अलोइसिया. जन्म, आलो. नवरा, मयत. मुलं.

"किती मुलं त्यांना?" साहेबाने मायेने विचारलं.

"दोन."

"आणि ती, कबरीपाशी तुमच्या शेजारी होती ती?"

"ती मावशीची. ती कागदावर नाही."

मी माझं नाव लिहिलं, पेतेलोचं लिहिलं, आणि खाली रेघ मारली. ती रेघ सरळ आली. दुपारपर्यंत मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका ठिकाणी मी होते आणि ती नव्हती. मग डबा उघडला. लोसालियाने सकाळी माझ्या नकळत पिशवीत ठेवला होता. नीरफणस भाजून, साल काढून, मी खाते तसे बारीक तुकडे केलेले. मी तो बंद केला आणि तसाच घरी आणला.

नऊ दिवस घरात प्रार्थना चालल्या. प्रार्थना संपली की पुरुष बाहेर बसायचे आणि कुसितिनोकाकांचा आवाज आत यायचा. "आमच्या भावाची जमीन. ही बया ओढ्यापलीकडची. बाप आलोचा, जन्म आलोचा. हिने पाणी अडवलं, म्हातारी घालवली, आणि आता खाचरात हीच उभी राहणार?" एका संध्याकाळी ते माझ्यापाशी येऊन बसले. हळू बोलले. "पोरी, तुझी खालची दोन तुझीच. त्याला कोण हात लावणार? वरची माझी पोरं करतील. पाणी तुला आधी सोडू. दहाव्या दिवशी मुख्य विचारेल, तेव्हा तू फक्त गप्प राहा."

"आणि ती?"

"जाईल बापाच्या गावी. माणसं आहेत तिची."

तिची माणसं तिने उभ्या जन्मात दोनदा पाहिली होती. मला ते माहीत होतं. परक्या अंगणात बोचकं घेऊन उभं राहणं काय असतं, हेही मला माहीत होतं. जा, तूही एकदा उभी राहून बघ, असं माझ्या मनात आलं. ते मी नाकारत नाही.

*

दहाव्या दिवशी सकाळी लोसालिया बोचकं बांधत होती. दोन कपडे, हिरांची नळी, काजळीची वाटी. मोगरी तिने माझ्या चटईवर आणून ठेवली.

"ही तुझी. आजी तुझी होती."

"आईने तुला दिली."

"तिच्या खांद्याने दिली," ती म्हणाली. "ठेव."

मग तिने ओंडक्यामागे हात घालून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. केळीचं सोपट होतं. वाळून तपकिरी झालेलं, कडक, पण तीन पदरी घडी अजून तशीच होती.

"हेही तुझं."

मी घडीवरून बोट फिरवलं. "कुठे होतं?"

"तिच्या मुठीत. पोलीस यायच्या आधी मी काढून घेतलं. बोटं उघडत नव्हती."

"तुला कसं कळलं?"

"ताई, या गावात घडी कोण घालतं? दगड लावतात सगळे. आई सांगायची ना, आजी सोपट लावायची म्हणून. आईलाही इकडच्यांनी हसून हसून ते सोडायला लावलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती बोचक्याची गाठ ओढत राहिली. "त्या दिवशी पहाटे ती मला म्हणाली, आज पाणी आधी खाली सोडते, सेनोवेफाचं अळू सुकतंय, तुझं दोन दिवस थांबेल. मी म्हटलं, सोड. रागावलेही थोडी. मग ती वर गेली."

"पाणी खालीच येत होतं. मग ती तोंड उपसत का होती?"

"तेच मला कळेना. मग मी बघितलं, तिच्या शेजारी चपटा दगड होता. खालच्या बांधावरचा. तो तिने वर वाहून आणला होता, त्या खांद्याने." तिने गाठ पुन्हा ओढली. "सोपट काढून दगड लावत होती ती, ताई. लाफाएले समोर असतो. त्याने उतरून बघितलं असतं तर ओळखलं असतं, कोणी लावलं ते. दगड दिसला असता तर म्हणाला असता, अलोइसियाने लावला. तिचं पाणी, तिची पाळी."

चिखलाचे पाय तिने पाहिले होते. पाय धू म्हणाली होती, आणि पहाटे दगड घेऊन वर गेली होती, माझ्या हातचं पुसायला. आणि तिला जे पुरं करता आलं नाही ते लोसालियाने अंगणात उभं राहून पुरं केलं. दगड लावला, म्हणाली. दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता एकच काम करत होत्या. ओंडक्याच्या दोन बाजूंना बसून ठोकायच्या तसंच, मधे खंड न पडू देता. मरणानंतरही. आणि जिच्यासाठी करत होत्या ती मी, बाहेर उभी.

मला तेव्हा आभार मानावेसे वाटले नाहीत. मला तिचा हेवा वाटला, आजवर कधी वाटला नव्हता इतका. दूध तिने घेतलं, मांडी घेतली, रेघा घेतल्या. आता माझा गुन्हाही ती बोचक्यात बांधून निघाली होती. ओढ्यापलीकडे जाऊन जन्मभर तो जपणार होती, आणि आईच्या शेवटच्या दिवसातही तीच असणार होती, मी नाही.

"ते बोचकं सोड," मी म्हणाले.

"काय?"

"सोड म्हणते ना. उन्हं उतरली की बोलावणं येईल."

*

मुख्याच्या बैठकीच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब आहेत. पुरुष खांबांना टेकून गोल बसले होते, मधे कावाचं, मुळी कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी भांडं. बायकांनी कडेला बसायचं. लोसालिया सगळ्यांत शेवटी बसली होती, मान खाली घालून, आणि सापेता, जी दहा दिवसांपूर्वी तिच्या हाताचं कौतुक करत होती, ती तिच्यापासून दोन हात सरकून.

कावाचे प्याले मानाप्रमाणे फिरले. कुसितिनोकाका बोलले. बराच वेळ बोलले. लाफाएलेने जे पाहिलं ते परत सांगितलं. मुख्याने लोसालियाला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

"नाही मालक. दगड मी लावला."

मुख्य म्हातारा माणूस. त्याने मांडीवरची माशी हाकलली आणि तो माझ्याकडे वळला. "सेनोवेफा, तू अलोइसियाच्या पोटची. आमच्यात शिकलेलीही तूच. घर तुझं, आई तुझी गेली. ही राहावी की जावी, तू सांग. तुला बोलायचं नसेल तर तसं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली.

मी उठले. बाईने पुरुषांच्या गोलात जायचं नसतं. मी गेले. कमरेला खोचलेलं सोपट काढलं आणि कावाच्या भांड्यापुढे चटईवर ठेवलं. लाफाएलेने पुढे वाकून ती घडी पाहिली, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"ताई," मागून लोसालियाचा आवाज आला, "नको."

"गप्प बस तू," मी म्हणाले. "दरवेळी तूच का?"

मग मी मुख्याकडे पाहिलं. त्या घराला भिंती नसल्यामुळे रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जात होतं, आणि सणाला टोपल्यांची नावं घेणारा माणूस तिसऱ्या खांबाशी बसला होता, त्यालाही. मी तिथेच खाली बसले. पण आवाज खाली घेतला नाही.

"दगड नव्हता मालक. हे होतं. माझ्या आजीच्या गावची घडी आहे, लाफाएलेआजोबांना विचारा. आई ती काढून दगड लावायला गेली होती, माझं नाव निघू नये म्हणून. आणि ही दहा दिवस खोटं बोलतेय, तेही माझ्याचसाठी. मला हिचा हेवा वाटतो. अकरा वर्षांची होते तेव्हापासून, आज या घटकेलाही. कचेरीत साहेबाने विचारलं, आईला मुलं किती, तर मी दोन लिहून आले. ते चूक आहे. माझ्या आईला मुलं तीन. पाणी थोरलीने अडवलं."